जो भागच नाही, तो झिजला कसा?

लाकडाचा बॉयलर विकणाऱ्या एका महोदयांस खुले पत्र

मा. विक्री-सल्लागार महोदय यांस,



पत्र लिहिण्यास कारण की, आपण आमच्या तळघरात उभा केलेला लाकडाचा गॅसिफिकेशन बॉयलर आता फक्त उभा आहे. माहितीपत्रकात 'भक्कम बांधणी' असं ठळक छापलं होतं आणि त्या बाबतीत आपण शब्दाला जागलात. अर्ध्या टनाहून जड असलेलं ते पोलादी धूड तसूभरही हललेलं नाही. कामातून गेली आहे ती त्याच्या पोटातली एक वीतभर फट.

पत्र मराठीत आहे, म्हणजे आपल्याला वाचता येणार नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, कारण आपल्या हमीपत्रातली बारीक अक्षरं इथे जर्मनीतच जन्मून इथेच म्हातारे झालेल्या माझ्या शेजाऱ्यांनाही उलगडली नव्हती. आणि पत्र आपल्या नावाने असलं तरी ते उघडं ठेवलं आहे ते इतरांसाठी. म्युनिक-न्यूरेंबर्गच्या घरभाड्यांना कंटाळून बव्हेरियाच्या खेड्यात एखादं जुनं घर घ्यावं, मागे चार झाडं असावीत, असे बेत करणारी मराठी कुटुंबं हल्ली भेटतात. घर बघायला गेलं की तळघरात तेलाचा जुना बर्नर असतोच, आणि त्याच्या जागी काय बसवावं हे सांगायला आपल्यासारखे सल्लागारही असतातच.

आपण आलात ते २०२२ च्या शरद ऋतूत. रशियाचा गॅस आटला होता, लाकडी पेलेटचा भाव वर्षभरात दुपटीच्याही वर चढला होता, आणि ग्राहकाने बॉयलर निवडण्याऐवजी बॉयलरवालाच ग्राहक निवडत होता. आपण आम्हाला निवडलंत, याबद्दल त्या वेळी मनापासून आभारही मानले होते. मी एवढंच विचारलं होतं की यातलं काय काय झिजतं आणि बदलायला काय पडतं. आपण कॉफीचा कप खाली ठेवलात, किंचित दुखावल्यासारखं माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, यात झिजण्यासारखं काही नाहीच. जळणकक्ष एकसंध आहे, एकाच साच्यात ओतलेला. त्या 'एकसंध' शब्दावर आपण असा काही जोर दिलात की पुढचा प्रश्न विचारणं असभ्यपणाचं वाटावं.

आता त्या यंत्राबद्दल थोडं, कारण यंत्रावर माझा राग नाही. किंबहुना त्यामागची कल्पना फार सुंदर आहे, आणि आपण ती विकत असूनही आपल्याला कधी सांगताना ऐकलं नाही, म्हणून मीच सांगतो.

साध्या चुलीत ज्वाळा वर जाते आणि तिच्याबरोबर बराचसा न जळलेला मालही धूर होऊन निघून जातो. इथे सगळा कारभार उलटा. वरच्या कोठीत अर्ध्या मीटरचे ओंडके रचायचे, खाली निखाऱ्यांचा थर. कोठीत हवा सोडायची ती मोजूनमापून. तेवढ्या हवेत लाकूड धड पेटत नाही. ते आधी वाळतं आणि मग दोनशे-अडीचशे अंशांच्या पुढे त्यातून वायू सुटायला लागतो: कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, थोडा मिथेन, शिवाय डांबराच्या वाफा. मागचा पंखा हे सगळं खाली ओढतो, निखाऱ्यांतून, आणि तिथून भट्टीच्या विटेतल्या एका अरुंद फटीतून. त्या फटीशी वेगळ्या वाटेने आलेली गरम हवा त्याला भेटते आणि ज्योत खालच्या दिशेने पेटते, हजार-अकराशे अंशांवर, गुरगुरत. लाकडातली ९० टक्क्यांहून अधिक उष्णता पाण्यात उतरते. राख ओंजळभर. धुराड्यावर पाहावं तर धूर जवळपास नाहीच.

लाकडापासून वायू करण्यात आम्हा मराठी माणसांनाही काही अघटित वाटण्याचं कारण नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात उसाच्या पाचटावर चालणारी गॅसिफायर बनवून दाखवली होती; पाचटासारखं हलकं, उडतं जळण सांभाळणं हे ओंडक्यांपेक्षा कितीतरी अवघड काम.

तर ती फट. तिला नोझल म्हणतात, आणि साऱ्या बॉयलरचं इमान तिथे असतं. घरात जाणारी सगळी ऊब त्या वीतभर लांबीच्या खाचेतून गेलेली असते. तिच्या एका बाजूला धगधगते निखारे, दुसऱ्या बाजूला अकराशे अंशांची ज्योत, आणि पाण्याची साठवण टाकी तापली की काही तासांत सगळं थंड. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लाकडाच्या राखेत पोटॅशियमसारखे क्षार असतात. ते एवढ्या उष्णतेला विटेच्या पृष्ठभागाशी रासायनिक सोयरीक करतात आणि वर काचेसारखा थर चढतो, तो पुढे पापुद्र्याने सुटतो. त्यात वरून ओंडके आदळतात, राख ओढताना सळीचे टोले बसतात. अशा जागी बसवलेली कुठलीही वीट कधी ना कधी जाणार. हे शाळकरी पोराला कळतं. मग जी वस्तू जाणारच आहे ती ज्याने अर्ध्या टनाच्या धुडात कायमची ओतून टाकली, त्याला अमरत्वाचा काही वर मिळाला होता की बॉयलर विकून झाल्यावर आपलं काम संपतं असा साक्षात्कार, हे मला अजून कळलेलं नाही.

केसाएवढ्या भेगांनी काही बिघडत नाही, हेही सांगून ठेवतो, कारण हे वाचून कुणीतरी विजेरी घेऊन तळघरात धावेल. तापणाऱ्या विटेला बारीक तडे जातातच. घात होतो तो फटीच्या कडा खाल्ल्या जाऊन ती रुंदावली की. मग वायू आणि हवा नीट मिसळत नाहीत, ज्योत लांबते, धुरातला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर बिचारा झडपा उघडझाप करून थकतो आणि न जळलेला कार्बन मोनॉक्साइड धुराड्याची वाट धरतो. इथे जर्मनीत हे लपत नाही. दर दुसऱ्या वर्षी चिमणीवाले येतात, काळा पोशाख, हातात मोजणीचं यंत्र, आणि नियम सांगतात: २०१७ पासून बसवलेल्या लाकडाच्या बॉयलरला घनमीटरमागे कार्बन मोनॉक्साइड ०.४ ग्रॅम आणि धूळ ०.०२ ग्रॅम, त्याच्या वर नाही. आमचे चिमणीवाले आकडा बघून काही बोलले नाहीत. त्यांनी खालचं दार उघडलं, आत डोकावले आणि म्हणाले, नोझलचा दगड गेलाय, नवा मागवा. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

माझ्या दृष्टीने तिथून तो सुरू झाला. मी आपल्या कचेरीला कळवलं की नोझल बदलायची आहे, किंमत कळवावी. उत्तर आलं की नोझल हा जळणकक्षाचा अविभाज्य अंश असल्याने तिला स्वतंत्र भाग-क्रमांक नाही. सबब ती मिळणार नाही. ठीक. मी लिहिलं, मग अख्खा जळणकक्ष द्या. जळणकक्ष बॉयलरच्या सांगाड्यात ओतलेला असल्याने तोही वेगळा मिळत नाही. हेही ठीक. मग मी म्हटलं की दोन हिवाळ्यांची हमी उलटून फार दिवस झालेले नाहीत, आपण माणुसकी म्हणून काही करू शकाल काय. त्यावर आपल्या सहीचं पत्र आलं, ते मी जपून ठेवलं आहे: नोझल हा झिजणारा भाग असल्याने हमीत मुळातच धरलेली नाही.

महोदय, मी हे पत्र अनेकांना वाचून दाखवलं आहे. विकताना ती भाग नव्हती म्हणून झिजणार नव्हती. बदलताना ती भाग नव्हती म्हणून मिळणार नव्हती. हमीच्या वेळी मात्र ती भाग होती आणि झिजणारीही होती. न्यायशास्त्रात आमच्याकडे शतकानुशतकं खल झाला आहे, पण असलेपण आणि नसलेपण एकाच वस्तूत इतक्या सहजपणे नांदवलेलं मी पाहिलं नव्हतं.

यानंतर आपण ठेवणीतलं अस्त्र काढलंत: तुमचं लाकूड ओलं असणार. हे आपल्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं, आणि ते सपशेल खोटंही नाही. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असतं. त्याचा किलोमागे जेमतेम दोन युनिट ताप मिळतो, तर दोन उन्हाळे वाळवलेल्याचा चार युनिट. ओलं लाकूड भरलं की नोझल काळवंडते, कोठीत डांबर साचतं, सगळा खेळ बिघडतो. इथला कायदाच सांगतो की कोरड्या वजनाच्या २५ टक्क्यांहून जास्त ओल असलेलं लाकूड जाळू नये. पण आमच्या चिमणीवाल्यांनी ओंडका फोडून आतल्या ताज्या भागात ओलमापकाच्या सुया रोवल्या, तेव्हा तो १६ वर थांबला. तो कागदही मी आपल्याला पाठवला. त्याची पोच काही आली नाही.

मग आपण साठवण टाकीकडे वळलात. तीही लहान नाही. कोठीच्या दर लिटरमागे १२ लिटर पाणी, आणि काही झालं तरी किलोवॅटमागे ५५ लिटरच्या खाली नाही, हा नियम आहे. म्हणजे १५० लिटरच्या कोठीला १८०० लिटरची टाकी. तेवढी ती आहे. तिच्यापायी आमच्या तळघरातून वाट काढायला अंग चोरून जावं लागतं. परतीचं पाणी ६० अंशांच्या खाली बॉयलरमध्ये येऊ नये म्हणून लागणारी मिसळ-झडपही आहे. सगळं आहे. फक्त ती नसलेली वस्तू तेवढी नाही.

पुण्या-साताऱ्याच्या जुन्या घरांत मोरीपाशी तांब्याचा बंब असायचा. त्याचं शास्त्र आपल्या माहितीपत्रकाइतकं थोर नव्हतं: मधे धुराडी, भोवती पाणी, खाली जाळी, जाळीवर ढलप्या आणि नारळाच्या करवंट्या. ती जाळी सुटी असे. जळून वाकली की बाजारातून दुसरी आणायची आणि सरकवून द्यायची, झालं. तोटी गळली तर तोटी बदलायची. पाण्याचं अंग चिरलं तर तांबट आळीत नेऊन डाग देऊन आणायचं. म्हणून तो बंब आजीचा आईकडे आणि आईचा सुनेकडे जात असे. ज्याने तो ठोकला त्याने कार्यक्षमता हा शब्द ऐकला नसेल, पण जिथे आग लागते ती वस्तू हाताने निघाली पाहिजे, एवढं त्याला पटलेलं होतं.

आणि बंबच कशाला, आपल्याच युरोपात डोकवा. जॉर्ज अँबेर नावाच्या आल्सासच्या माणसाने १९२० च्या दशकात वायू खालच्या दिशेने ओढणारी गॅसिफायर घडवली. आपल्या बॉयलरची वंशावळ त्याच घराण्याशी जाऊन भिडते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा युरोपात लाखो गाड्या पाठीला असली भट्टी बांधून लाकडाच्या ढलप्यांवर धावत होत्या. त्या भट्टीचा गळाही जळून खराब व्हायचा, आणि त्या काळातल्या काही रचनांत गळ्याची कडी बदलता येत असे. बॉम्ब पडत असताना ज्यांना ते सुचलं, त्यांच्या वारसांना वातानुकूलित नकाशाघरात बसून सुचू नये, ही प्रगती म्हणायची.

आपली बाजूही मांडतो, नाहीतर पत्र एकतर्फी झालं म्हणाल. सुट्या विटांच्या मधे सांधे येतात. सांध्यांतून वायू चोरवाटेने निसटू शकतो. एकाच साच्यात ओतलेल्या कक्षात तो धोका कमी. नवा असताना आपला बॉयलर मोजणीत उत्तम उतरला होता, ते मी नाकारत नाही. पण सांध्यांना उपाय असतात. काहींनी विटा एकमेकींत खाचेने बसवल्या आहेत, काही जण सांध्यावर न जळणाऱ्या लोकरीची पट्टी देतात. कायमच्या नोझलला मरण्यापलीकडे उपाय नाही.

शेजारच्या आजोबांचा बॉयलर वीस वर्षांचा तरी असेल. ते उन्हाळ्यात कोठीत हात घालून नोझलचे दगड बाहेर काढतात, बघतात, पालटून ठेवतात, गेला असेल तो बदलतात. त्यांच्या कोठीच्या भिंतींवर आतून पत्रे लोंबतात. हे पत्रे म्हणजे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. लाकूड तापलं की त्यातून ॲसिटिक आम्लाच्या वाफा येतात, व्हिनेगरमधलंच ते आम्ल. ते थंड भिंतीवर ठिबकलं की पोलाद खातं, आणि ती भिंत साधी नसते. तिच्यामागे पाणी असतं. ती एकदा भोकली की बॉयलर भंगारात. म्हणून तिच्यापुढे पत्रा टांगायचा. आम्ल पत्रा खातं, भिंत वाचते, पत्रा गेला की आकड्यावरून काढून दुसरा टांगायचा. आपल्या कोठीत ते पत्रे नव्हतेच. 'आतून स्वच्छ, गुळगुळीत रचना' असं त्याला नाव होतं.

लॅम्डा सेन्सरचं तर सांगूच नये. मोटारीच्या धुराच्या नळीत बसतो त्याच जातीचा तो नग. आपण त्याच्या शेपटाला असा एक जोड लावलात की तो फक्त आपल्याकडेच मिळावा. दाराची काचतंतूची दोरी दुकानात मीटरवर मिळते; आपल्याकडे ती दारासकट घ्यावी लागते. पंखा मात्र खरोखर चांगला आहे. चार नट काढले की हातात येतो. तो कुणी बनवला ते बघितलं, तर आपण तो बाहेरून विकत घेता असं दिसलं.

आता नवा घेताना मी काय विचारलं, ते इतरांसाठी लिहून ठेवतो. कार्यक्षमतेचा आकडा मी वाचला नाही. सगळ्यांचेच आकडे नव्वदीच्या पुढे असतात आणि ते नव्या बॉयलरचे असतात. मी विक्रेत्याला म्हटलं, नोझल काढून दाखवा. एकाने 'हे काम तंत्रज्ञांचं' म्हणत माहितीपत्रक पुढे केलं. त्याला नमस्कार केला. दुसऱ्याने कोट खुंटीला टांगला, बाह्या सरसावल्या, आकडीने दगड उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. दगड, लोंबते पत्रे, दोरी, सेन्सर, पंखा, सगळ्यांचे क्रमांक आणि आजच्या किमती त्याने लेखी दिल्या. नोझलला काही शे युरो पडतात, फुकट नाही. पण ते काही शे युरो आणि अख्खा बॉयलर यांत केवढं अंतर आहे, ते आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार. मी शेवटी हेही विचारलं की तुमच्याखेरीज हा दगड आणखी कोण विकतं. चेक प्रजासत्ताकातल्या ॲटमॉसच्या बॉयलरांची नोझल कुठल्या कुठल्या दुकानांत सुटी मिळते. तिथे ग्राहक एका दारावर अडकत नाही. हा प्रश्न त्याला आवडला नाही, पण उत्तर त्याने दिलं.

तो प्रश्न विचारायला कारण आहे. ऑस्ट्रियातली विंडहागर ही १९२१ पासूनची बॉयलर कंपनी. ती जानेवारी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. शंभरी ओलांडलेली घराणी अशी कोसळतात. आपण आम्हाला ऐकवलेली 'आजीवन साथ' नेमकी कुणाच्या आयुष्याइतकी होती, ते त्या वेळी स्पष्ट झालं नव्हतं. साध्या आकाराचा सुटा दगड असेल तर कंपनी बुडाल्यावरही भट्टीच्या विटा ओतणारा कुणीतरी तो घडवून देतो. आपला घडवायचा तर आधी बॉयलर फोडावा लागेल.

म्हणून एकच विनंती आहे. नुकसानभरपाई नको, दिलगिरी नको, नव्या खरेदीवरची सवलत तर अजिबात नको. मला त्या नोझलचं मापांसहित रेखाचित्र पाठवा: खाचेची लांबी, रुंदी, कडेचा उतार, वेगळ्या वाटेने येणाऱ्या हवेची भोकं कुठे आणि किती. इथे भट्ट्यांची कामं करणारा एक गवंडी आहे. आतलं खरवडून काढून तिथे सुटा दगड बसवून बघायची त्याची तयारी आहे. जमलं तर आपण याच मुलुखात विकलेल्या बाकीच्या घरांनाही ते चित्र देईन. व्यवसायाचं गुपित म्हणून आपण नकार द्याल, असं मला कुणी म्हणालं. मी म्हटलं, असं कसं होईल? जो भाग अस्तित्वातच नाही असं त्यांनी लेखी दिलं आहे, त्याच्या मापांत गुपित ते काय असणार?

कळावे. लोभ आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

आपला,
एक एकसंध ग्राहक